रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत सासूबाईंना घरी आणायचं नाही का?

पत्र थोडक्यात असं आहे. इंदूरच्या राजेंद्रनगर भागातल्या एका ताईंनी लिहिलंय. सासूबाई ७६ वर्षांच्या, बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, शहरातल्याच एका खाजगी हॉस्पिटलात भर्ती करून ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण आयसीयूत लघवीची नळी घातलेली असताना हुडहुडी भरून ताप आला. कल्चरच्या रिपोर्टात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला आणि त्याच्यापुढे जवळजवळ सगळ्या औषधांना "आर", म्हणजे औषध लागू पडत नाही असं लिहिलेलं. सलाईनमधून भारी अँटिबायोटिक्स दिली, ताप उतरला, नळी काढली. आता त्या जेवतायत, वॉकर धरून चार पावलं टाकतायत, डॉक्टर म्हणतात छुट्टी घ्या. पण शौचाच्या तपासणीत तोच जंतू अजून दिसतोय आणि फाइलवर तसं लिहून दिलंय.

घरात चार महिन्यांची नात आहे. ताईंची सून म्हणते आजी घरी आल्या तर मी बाळाला घेऊन देवासला माहेरी जाते. यजमान म्हणतात हॉस्पिटल घाणेरडं होतं, जंतू तिथूनच आला, आता त्यांनीच साफ करून द्यावा, तोवर मी छुट्टी घेणार नाही. भाच्याचं दवा बाजारात औषधांचं दुकान आहे, तो म्हणतो मामी, एक जबरदस्त गोळी आहे, दहा दिवस देऊ, रिपोर्ट निगेटिव्ह. ताई विचारतात, मी कोणाचं ऐकू? आणि कामाला येणाऱ्या बाईला, शेजाऱ्यांना हे सांगायचं की गप्प बसायचं?

ताई, आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून, कारण तुम्हाला बहुतेक आज-उद्यातच ठरवायचंय. डॉक्टर स्वतः छुट्टी घ्या म्हणतायत, ताप नाही, खाणंपिणं सुरू आहे, तर सासूबाईंना घरी आणा. निगेटिव्ह रिपोर्टची वाट बघत तिथे ठेवू नका. सून आणि बाळ त्याच घरात राहू शकतात. आणि भाच्याची गोळी नको.

तुमच्या घरातल्या तिघांची तीन मतं आहेत असं पत्रावरून वाटतं, पण मला ती तिन्ही एकाच समजुतीवर उभी दिसतात, की रिपोर्टात जंतू आहे म्हणजे आजार अजून आहे. तिथेच जरा थांबू या. क्लेबसिएला हा काही बाहेरच्या देशातून आलेला राक्षस नाही, तो कितीतरी माणसांच्या आतड्यात एरवीही राहतो आणि काही करत नाही. त्रास होतो तो जंतू भलत्या जागी शिरला की, म्हणजे नळीवाटे लघवीच्या मार्गात, व्हेंटिलेटरवाटे फुप्फुसात, सलाईनच्या लाइनमधून रक्तात. सासूबाईंच्या बाबतीत तो लघवीच्या मार्गात शिरला, ताप आला, तो आजार होता आणि त्याचा इलाज झाला. आता शौचात जो दिसतोय तो आतड्यात नुसता मुक्कामाला आहे. डॉक्टर याला कॉलनायझेशन म्हणतात, फाइलवर बहुतेक हेच लिहिलं असेल बघा.

हा मुक्काम हलवायला आज कुठलंही खात्रीचं औषध नाही. तो आपोआप कमी होतो, पोटातले बाकीचे साधे जंतू हळूहळू परत वाढतात आणि याची जागा घेतात, कोणाचं काही आठवड्यांत होतं, कोणाला कित्येक महिने लागतात, कोणाला वर्षाच्या वरही. म्हणजे "निगेटिव्ह आल्यावरच छुट्टी" या वाक्याचा खरा अर्थ काय होतो ते यजमानांना नीट समजावून सांगा, सासूबाई दिवाळीपर्यंतही तिथेच पडून राहू शकतात.

आणि पडून राहणं या वयात फार महाग पडतं, मी पैशाचं म्हणत नाहीये (तेही आहेच). मी नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं, त्यातला बराच काळ आयसीयूत, म्हणून सांगते, खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारं माणूस जितकं पलंगावर राहील तितकी पायातली ताकद जाते, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, रात्री भ्रम होतो, आपलं घर कुठलं तेच कळेनासं होतं. वर हॉस्पिटलात हा एकच जंतू थोडाच आहे. आज क्लेबसिएला आहे, उद्या असिनेटोबॅक्टर चिकटेल, जो कोरड्या पलंगाच्या दांड्यावरसुद्धा कित्येक दिवस जिवंत राहतो. शिवाय बाजूच्या पलंगावर कोणी व्हेंटिलेटरवर असेल, किमोथेरपी चालू असेल, त्याला सासूबाईंकडून हा जंतू जाण्याचा धोका तुमच्या धडधाकट घरापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता यजमानांच्या रागाबद्दल. त्यांचा राग खोटा नाहीये. जंतू तिथेच लागला असण्याची शक्यता खरोखर जास्त आहे, फक्त हेही लक्षात असू द्या की आपल्या देशात बाहेर हिंडणाऱ्या चांगल्या-भल्या माणसांच्या पोटातही औषधांना न जुमानणारे जंतू सापडतात, त्यामुळे शंभर टक्के असं कोणीच म्हणू शकणार नाही. पण राग आणि छुट्टी या दोन गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या आहेत, त्या सोडवा. छुट्टी न घेतल्याने शिक्षा होतेय ती त्यांच्या आईला.

आणि हॉस्पिटल घाणेरडं होतं म्हणून झालं, असं जे ते म्हणतायत त्याबद्दल थोडं बोलायचंय, कारण आपल्या इंदूरच्या लोकांना ही गोष्ट जरा जास्तच सांगावी लागते. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतंय, अभिमान आहेच, त्यामुळे चकचकीत फरशी आणि फिनाइलचा वास आला की आपल्याला वाटतं इथे सगळं ठीक आहे. पण हा जंतू फरशीवरून चालत येत नाही, तो हातांवरून येतो. डॉक्टरांचे, सिस्टरचे, वॉर्डबॉयचे आणि आपले, भेटायला येणाऱ्यांचे हात. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने प्रेतं तपासून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले, तरी त्याच्याच बरोबरच्या लोकांनी त्याचं म्हणणं मनावर घेतलं नाही. त्याला आता पावणेदोनशे वर्षं होऊन गेली आणि अजूनही राउंडवर एका पलंगावरून दुसऱ्या पलंगाकडे जाताना मध्ये हात चोळले जातीलच याची खात्री देता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असे जंतू पसरण्याचं दुसरं कारण औषधंच. अँटिबायोटिक दिलं की कमजोर जंतू मरतात, चिवट राहतात आणि त्यांना मोकळी जागा मिळते. वर हे जंतू परीक्षेत चिठ्ठी सरकवावी तसं औषध चुकवायचं जीन शेजारच्या जंतूला देऊन टाकतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. रिपोर्टात कुठे एनडीएम लिहिलेलं असेल तर ते असंच एक जीन आहे, त्याने मेरोपेनेमसारखं शेवटचं राखून ठेवलेलं औषधही निकामी होतं. मग डॉक्टरांना कोलिस्टिनकडे जावं लागतं, जे १९५० च्या दशकातलं औषध आहे, किडनीला त्रास होतो म्हणून बाजूला ठेवलं होतं, आता दुसरं काही उरत नाही म्हणून परत काढलंय. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच सांगून ठेवलं होतं की औषध अर्धवट घ्याल तर जंतू शिकतील. २०१९ या एका वर्षात जगात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली, हा आकडा २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. यजमानांना हे एवढ्यासाठी सांगा की एका हॉस्पिटलशी भांडून हा विषय मिटणार नाही. पण तिथे प्रश्न विचारणं मात्र नक्की त्यांचा हक्क आहे, आणि मी म्हणेन त्यांनी विचारावेतच.

कोणाला विचारायचं? मोठ्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलची कमिटी असते आणि त्या कामाची एक सिस्टर असते, त्यांना भेटायचं म्हणून सांगा. शांतपणे विचारा, आईंची लघवीची नळी रोज खरंच गरजेची होती का, ती काढायची का याचा विचार रोज होत होता का, त्याच दिवसांत आयसीयूत आणखी कोणाला हाच जंतू निघाला का, निघाला असेल तर तुम्ही पुढे काय केलंत. उत्तरं लेखी मागा. टोलवाटोलवी झाली तर तक्रारही करा. नळीचं मी मुद्दाम म्हणतेय, कारण नळी जितके दिवस राहील तितका रोज धोका वाढत जातो, आणि महिनाभर राहिली तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. हे ज्यांचं माणूस आत्ता भर्ती आहे त्या सगळ्यांसाठी पण लिहितेय, रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, "सर, ही नळी आज काढता येईल का?" सलाईनच्या लाइनचंही तेच. लघवीची पिशवी जमिनीवर टेकू देऊ नका आणि पोटाच्या वर उचलू नका. डॉक्टर हात न चोळता पेशंटला हात लावायला आले तर सॅनिटायझरची बाटली पुढे करा, त्यात उद्धटपणा काही नाही, चांगला डॉक्टर कधी रागावत नाही.

आणि आपलंही जरा बघा ना. आपल्याकडे कोणी भर्ती झालं की आत्या, मावशी, काका, सोसायटीतले चार जण, सगळे एकदम येणार, पलंगावरच बसणार, नळीला हात लावून बघणार, मग वॉर्डातच ओळखीचं दुसरं कोणी दिसलं की त्याच हातांनी त्यांनाही भेटून येणार. प्रेमानेच करतात सगळे. पण येताना-जाताना हातावर सॅनिटायझर घेऊन वीस-तीस सेकंद नीट चोळणं, पलंगावर न बसणं आणि एका वेळी एकच माणूस आत जाणं एवढं केलं तरी खूप होतं.

आता भाचा. मुलगा चांगल्या मनाने म्हणतोय यात शंका नाही, पण ही गोळी दिली तर उलटं होईल. आत्ता पोटातले चांगले जंतू परत वस्तीला यायला लागलेत, गोळीने तेच आधी मरतील, क्लेबसिएलाला अजून जागा मिळेल, जुलाब लागतील ते वेगळेच, आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला रात्री तीनदा संडासला धावायला लावणं म्हणजे दुसऱ्यांदा पडायची सोय. त्रास काही नाही आणि लघवीत नुसता जंतू दिसतोय, तरीही औषध द्यायचं नसतं, गर्भवती बायका आणि लघवीच्या मार्गाची काही ऑपरेशनं सोडली तर. म्हणून घरी आल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासणी करून घेऊ नका. रिपोर्ट पॉझिटिव्हच येईल, सगळे घाबरतील, आणि कोणीतरी परत गोळी काढेल. पुन्हा तपासायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

भाच्याला हेही सांगा की २०१४ पासून शेड्यूल एच१ या सरकारी यादीतली अँटिबायोटिक्स पर्चीशिवाय विकता येत नाहीत, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून ठेवावं लागतं, ते त्याला माहीत असणारच. आपल्या मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या विषयावर राज्याचा कृती आराखडा काढला, केरळनंतर आपणच दुसरे. पण आराखडा कागदावर राहतो, रोज काउंटरवर उभा असतो तो भाच्यासारखा मुलगा. "भैया, सर्दी झाली, दो गोली दे दो" म्हणणाऱ्याला तो नाही म्हणाला तर आजीसाठी त्याने खरंच काहीतरी केलं असं मी मानेन.

आता सुनेचं, आणि हे सगळ्यात नाजूक आहे. चार महिन्यांचं बाळ असलेल्या आईला भीती वाटणारच, तिला "तू आजींना परकं समजतेस" वगैरे कृपा करून कोणी म्हणू नका. तिला माहिती द्या. हा जंतू हवेतून जात नाही, खोकल्यातून सर्दीसारखा पसरत नाही. तो शौचातून आणि लघवीतून हाताला लागतो आणि हातावरून तोंडात जातो, म्हणजे थांबवायची जागा बाथरूम आणि हात, आजीची मांडी नव्हे. पूर्ण दिवसांचं, निरोगी बाळ असेल तर आजींनी साबणाने हात धुऊन त्याला खुशाल मांडीवर घ्यावं, अंगावरचं दूध आहे तसं चालू ठेवावं. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा त्याला हृदयाचा, प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर मात्र आधी बाळाच्या डॉक्टरांशी बोला.

घरात करायचं ते असं. सासूबाईंना डायपर असेल तर तो बदलणाऱ्याने हातमोजे घालायचे, डायपर पिशवीत बांधून टाकायचा, मोजे काढून परत साबण-पाण्याने हात धुवायचे, चाळीस-साठ सेकंद, बोटांच्या मध्ये, अंगठ्याला, नखांशी. मोजे घातले म्हणजे हात धुवायला नको असं नसतं, ही चूक हॉस्पिटलातसुद्धा फार होते. जमलं तर कामं वाटून घ्या, जी व्यक्ती आजींची स्वच्छता करेल तिने त्याच वेळी बाळाची बाटली, घरातला स्वयंपाक यात पडायचं नाही. सासूबाईंना स्वतःलाही संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी हात धुवायला लावा, बेसिनपर्यंत जाणं होत नसेल तर पलंगाशी सॅनिटायझर ठेवा. टॉवेल वेगळा. मळलेले कपडे-चादरी न झटकता मशीनमध्ये, साबण आणि गरम पाणी, मग उन्हात, आपल्याकडे ऊन काही कमी नाही. संडासचं सीट, नळ, फ्लशचं बटण, वॉकरची मूठ हे रोज पुसा, ब्लीच वापरत असाल तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घालून, आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं दुसरं काहीही कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

भांडी वेगळी नकोत. ताट-वाटी नेहमीची, नेहमीच्या साबणाने घासली की झालं. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण मी घराघरांत बघितलंय, रिपोर्ट आला की म्हाताऱ्या माणसाचा कपही कोपऱ्यात जातो. त्याची काहीही गरज नाही आणि त्याने जो घाव बसतो तो भरत नाही.

एवढं सगळं समजून घेऊनही सुनेला आठ-पंधरा दिवस देवासला जाऊन यावंसं वाटलं तर जाऊ द्या, टोमणा न मारता. सासूबाई घरी रुळल्या, धुण्यापुसण्याची घडी बसली की ती परत येईल, देवास काही लांब नाही.

कोणाला सांगायचं, याचं उत्तर माणसागणिक वेगळं आहे. जी बाई आजींचं अंग पुसणार, डायपर बदलणार, तिला नक्की सांगा, तिच्याही घरी मुलं असतील, आणि हातमोजे, साबण तुम्ही द्या, तिच्या पगारातून नाही. शेजारी, भजनी मंडळातल्या बायका, यांना आजार सांगत बसायची गरज नाही, आल्या तर हात धुऊन भेटतील, चहा घेतील. ही सासूबाईंची खाजगी गोष्ट आहे, त्यांना विचारून ठरवा. तुमच्या पत्रात त्यांना यातलं काय सांगितलंय ते कुठेच आलेलं नाही, नसेल सांगितलं तर आधी त्यांना सांगा.

पण डॉक्टर, दातांचा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, लॅब, दुसरं हॉस्पिटल यांच्यापासून लपवलं तर मोठं नुकसान होईल. काही लोक लपवतात, भर्ती करून घेणार नाहीत या भीतीने. उद्या परत ताप आला आणि नव्या डॉक्टरांना हे माहीतच नसलं तर पहिले दोन-तीन दिवस अशा औषधात जातील जे लागूच पडत नाही, आणि या वयात ते दोन-तीन दिवसच महत्त्वाचे असतात. कल्चरचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, फोटो काढून तुमच्या, यजमानांच्या आणि मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवा.

ताप, थंडी वाजणं, लघवीला जळजळ, कमरेत वरच्या बाजूला दुखणं, लघवी एकदम कमी होणं, ऑपरेशनच्या टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, किंवा ताप नसतानाही अचानक असंबद्ध बोलायला लागणं, खूप सुस्ती येणं, यातलं काही झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, म्हाताऱ्या माणसांना कधी कधी ताप चढतच नाही. नुसता लघवीला वास येतोय, रंग गढूळ आहे, बाकी त्या ठीक आहेत, तर पाणी वाढवा आणि डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने कोर्स सुरू करू नका.

छुट्टीच्या दिवशी घाईत निघू नका. डिस्चार्जच्या कागदावर जंतूचं नाव, कुठलं अँटिबायोटिक किती दिवस दिलं, नळी कोणत्या तारखेला काढली, हे लिहिलेलं आहे का बघा, कल्चरच्या सगळ्या रिपोर्टांच्या कॉप्या घ्या, पुढचं दाखवायला कधी यायचं आणि अडीनडीला फोन कोणाला करायचा ते विचारा. फिजिओथेरपी घरी कोण करून घेणार तेही तिथेच ठरवून निघा, चालणं त्याच दिवसापासून सुरू ठेवायचंय. आणि ही सगळी कागदपत्रं घ्यायला यजमानांनाच पाठवा, त्यांचे प्रश्नही त्याच फेरीत विचारून होतील.